बोटभर सूर्य

१

गाठ सुटेना म्हणून त्रिशलाबाईंनी तिला दात लावला, आणि दात लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही गाठ आपणच मारलेली आहे.

अल्बानियाहून आलेल्या बॅगा तेरा दिवस आष्ट्यातल्या घराच्या सोप्यात तशाच पडल्या होत्या. घरात सुतक, येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ, बॅगांकडे बघतो कोण? चौदाव्या दिवशी त्रिशलाबाईंनी कंबर कसली. सर्वांत खाली त्यांच्या नवऱ्याचा, जवाहरअण्णांचा, व्रताचा डबा होता. स्टीलचा, पांढऱ्या फडक्यात बांधलेला. अण्णा दुसऱ्या कशातलं खात नसत आणि त्या डब्याला त्रिशलाबाईंखेरीज घरात कुणी हात लावत नसे. चाळीस वर्षांची रीत ती. अण्णांच्या शेवटच्या दिवशी सकाळीही दशम्या त्यांनीच भाजल्या होत्या, त्यांनीच रचल्या होत्या आणि गाठही त्यांनीच मारली होती.

झाकण निघालं. दशम्यांवर हिरवट लव चढली होती. वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी, रचताना ठेवली होती तशीच. एक तुकडासुद्धा मोडलेला नव्हता.

"साडेपाचला पोटभर जेवले, आठला झोपले, सकाळी उठलेच नाहीत," असं थोरल्या मुलानं, जिनेशनं, आणि त्याच्या बायकोनं, चंदनानं, दोघांनी एका सुरात सांगितलं होतं. तिथल्या डॉक्टरनं कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं, पेटीतून देह आला, आष्ट्याला अग्नी दिला, विषय संपला. पण अण्णांना साखरेचा आजार होता. संध्याकाळी चंदना त्यांना इन्सुलिन टोचायची आणि अर्ध्या तासात त्यांनी जेवायचं, हा नेम होता. इन्सुलिन टोचलेला म्हातारा उपाशी झोपला तर सकाळी उठेलच याचा भरवसा नाही, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

जिनेश दारात उभा होता. त्रिशलाबाईंनी डबा त्याच्यापुढं धरला. तो शांतपणे म्हणाला, "मला काय म्हाईत, आई? मी गाडीच्या बाहेर होतो. जेवले म्हणून मला चंदनानं सांगितलं. इंजेक्शनबी तिनंच दिलं."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

२

लीलाबाई उंब्रजहून एसटीनं आल्या त्या गुरुवारी. सातारा पोलिसात तीस वर्षं काढून हेडकॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झालेली ही बाई त्रिशलाबाईंची शाळेतली मैत्रीण. अंगानं आडवी, जिभेनं तिखट. माणूस खोटं बोलायला लागला की त्या त्याला पाणी देतात. पाणी पिताना माणूस विचार करतो, आणि विचार करून बोललेलं खोटं लवकर सापडतं, असा त्यांचा अनुभव.

"त्रिशले, सगळं पयल्यापासनं सांग," त्या जमिनीवर बैठक मारत म्हणाल्या. "आणि रडायचं आसंल तर आदी रडून घे."

त्रिशलाबाई रडल्या नाहीत. धाकटा आर्जव जर्मनीत नोकरीला. आई-बापाला जग दाखवायचं त्याच्या मनात आलं, पण बाप हॉटेलात पाणीसुद्धा पीत नाही. मग त्यानं कॅम्परव्हॅन ठरवली. झोपायला गाडीत, शेगडी गाडीत, पीठ-मीठ आष्ट्याचं. मुक्काम अल्बानियात, कारण डोंगर लय आणि गर्दी कमी. पाच जणं निघाली. आठव्या दिवशी वळणांनी त्रिशलाबाईंना उलट्या सुरू झाल्या, म्हणून त्या श्कोडर नावाच्या गावात एका बाईंच्या घरी खोली घेऊन थांबल्या. बाकीचे चौघं एका रात्रीसाठी वरच्या दरीत गेले. परत तिघं आले.

"सूर्य कवा मावळायचा तिकडं?"

"साडेसातला. मी खिडकीतनं बघितला की तळ्यात बुडताना. म्हणून तर साडेपाचला जेवले म्हटल्यावर मला वावगं वाटलं न्हाई."

अण्णांचा नियम आख्ख्या गावाला ठाऊक होता. विसाव्या वर्षी मुनीमहाराजांपुढं घेतलेला. सूर्य डोळ्यांना दिसतो तोवरच अन्न आणि पाणी. डोळ्याआड झाला की तोंड बंद, ते सकाळपर्यंत. घड्याळ नाही, पंचांग नाही. डोळे.

"आता तुला काय पायजे माज्याकडनं?"

"चंदनानं मारलं हे तिच्या तोंडावर सिद्ध कर," त्रिशलाबाई म्हणाल्या. "रविवारी तिला घराबाहेर काढणार. ब्राह्मी हितंच राहील. खुनी बाईच्या हाती मी नात द्यायची न्हाई."

ब्राह्मी ही जिनेश-चंदनाची सहा वर्षांची मुलगी; प्रवासाच्या वेळी तिला आजोळी ठेवलं होतं. ती त्याच वेळी अंगणात पायरीवर बसून आईची वेणी घालत होती. आई पुतळ्यासारखी बसली होती. लीलाबाईंनी ते बघितलं. पोलिसात असताना त्यांनी आयांना उचलून नेताना मागं राहिलेली पोरं बघितली होती.

"आणि तिनं मारलं नसंल तर?"

"तर कुणी मारलं?" त्रिशलाबाईंनी विचारलं. "बाकी गाडीत तर माझी पोरंच होती."

३

चंदना लग्नाआधी सांगलीत एका दवाखान्यात परिचारिका होती. लीलाबाईंनी तिला पाणी दिलं. तिनं ते बाजूला ठेवलं.

"मी खोटं बोलले, मावशी. अण्णा जेवले न्हाईत."

"मग जेवले म्हणून का सांगितलंस?"

"यांनी सांगायला लावलं. म्हणाले, उपाशीपोटी इंजेक्शन दिलंस हे कळलं तर लोक तुला खुनी म्हणतील. मी घाबरले. आणि आता हेच..." 

मग तिनं सांगितलं ते असं. त्याच प्रवासात पाचव्या दिवशी एका दरीत सूर्य अचानक डोंगराआड गेला. इंजेक्शन झालेलं आणि अण्णा जेवायला तयार नाहीत. आर्जवनं गाडी सुरू केली आणि घाट चढून वर नेली. वर खिंडीत सूर्य पुन्हा दिसला. अण्णांनी रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहून दोन दशम्या खाल्ल्या आणि सूर्याला हात जोडले. सगळे हसले होते त्या दिवशी. तेव्हापासून चंदना रोज इंजेक्शनआधी नवऱ्याला विचारायची, सूर्य किती वेळ आहे? तो हात लांब करून सूर्य आणि डोंगर यांच्यात बोटं धरायचा आणि सांगायचा.

"त्या दिशीबी विचारलं?"

"विचारलं. दुपारी अण्णा डोंगर चालून आलेले, साखर आधीच कमी होती. मी म्हटलं, आज घाई नको. यांनी हात धरला आणि म्हणाले, चार बोटं हाय, तास आरामात मिळतोय, दे इंजेक्शन. मी साखर तपासली, इंजेक्शन दिलं. डबा आणायला मागं गेले तर मागच्या कप्प्याला कुलूप. गाडीची आणि कप्प्याची किल्ली एकच. फळंबी त्यातच. हे म्हणाले, किल्ली आर्जवकडं हाय, तो नदीवर गेलाय, मी आणतो."

"मग?"

"हे गेले आणि सूर्य गेला. एकदम. दिवा मालवावा तसा. परत येऊन म्हणाले, आर्जव कुठं दिसत न्हाई. आणि डोंगरातला अंदाज चुकला म्हणाले."

अंगणात ब्राह्मी स्वतःशीच गाणं म्हणत होती.

"अण्णांना सातच्या सुमाराला घाम सुटला. बरळायला लागले. मी साखर घेऊन हिरड्यांना चोळली. यांनी टॉवेलनं पुसून काढली." चंदनानं पहिल्यांदा मान वर केली. "म्हणाले, मरतील पण नियम मोडायचे न्हाईत, हे त्यांचंच बोलणं हाय, तू का पाप घेतीस?"

"आणि तू पुसू दिलीस?"

चंदना पुढचं सांगू लागली. नंतर आर्जव आला, तेव्हा तिनं गाडी खाली दवाखान्यात न्यायला सांगितलं. अंधारात त्या घाटातनं गाडी काढणं धोक्याचं, सकाळी बघू, असं तो म्हणाला. फोनला रेंज नव्हती. अण्णा शांत झाले तेव्हा तिला वाटलं, झोप लागली.

लीलाबाईंनी साखर तपासायचं यंत्र मागितलं. चंदनानं तिथं उतरल्यावर त्यातलं घड्याळ तिथल्या वेळेला लावून घेतलं होतं. त्या दिवशीची शेवटून दुसरी नोंद होती चार वाजून अडतीस मिनिटांची. शेवटची आठ वाजून पाचची, आणि ती इतकी कमी होती की लीलाबाईंनी यंत्र पालथं ठेवलं.

"पोरी," त्या उठता उठता म्हणाल्या, "नदी गाडीपासनं किती लांब व्हती?"

"दोनशे पावलं असंल."

"मग तू का न्हाई गेलीस?"

४

आर्जव माडीवर होता. बाप गेल्यापासून तो जर्मनीला परतला नव्हता आणि दाढीही केली नव्हती. लीलाबाईंनी दिलेलं पाणी त्यानं एका दमात पिऊन टाकलं. लीलाबाईंना वाटलं, हा खोटं बोलणार नाही किंवा याला बोलताच येत नाही.

"अण्णांना मी मारलं, मावशी."

लीलाबाई भिंतीला टेकून बसल्या. तीस वर्षांत इतक्या लवकर कुणी कबूल झालं नव्हतं.

"कसं रं?"

"किल्ली माझ्याकडनं हरवली. मी नदीवर बिअर प्यायला गेलो होतो." जैनाचं पोर, बापाच्या नजरेआड दोन डबे घेऊन गेलेलं, हे सांगताना त्याचे कान लाल झाले. "जॅकेट गाडीच्या दाराला अडकवलं होतं, त्यात किल्ली ठेवली असं मला वाटत होतं. उठून जॅकेट घ्यायला आलो, घातलं, परत नदीवर गेलो आणि खिसा चाचपला तर किल्ली नाही. दगडांत अंधार पडेपर्यंत शोधत बसलो. परत आलो तर वहिनी म्हणते, दवाखान्यात चल. पिऊन किल्ली हरवली हे कोणत्या तोंडानं सांगणार? म्हटलं, घाट धोक्याचा आहे." त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. "सकाळी किल्ली माझ्याच बुटात सापडली. दाराबाहेर काढून ठेवलेल्या बुटात. म्हणजे माझ्याच हातनं पडली होती."

"कुनाला सांगितलंस का हे?"

"कुणालाच नाही. तुम्हालाच आज."

"नदीवर तू कुठं बसला व्हतास? गाडीतनं दिसत व्हतास का?"

आर्जवनं फोन काढला. त्यानं एका पांढऱ्या खडकावर बसून फोटो काढला होता. फोटोत हिरवी दरी, मध्ये पांढरी गाडी, आणि गाडीशेजारी खुर्चीत बसलेले अण्णा. टोपीसकट स्पष्ट दिसत होते. फोटोवर वेळ चार वाजून चोपन्न. गाडी आणि अण्णा सावलीत होते. सावलीची कड नदी ओलांडून निघाली होती आणि पलीकडच्या उतारावर अजून ऊन होतं.

"तुज्या अंगावर काय व्हतं?"

"लाल जॅकेट."

लीलाबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला. खडकावरून गाडी दिसते, तर गाडीपासून खडकही दिसणार. आणि त्यावर लाल जॅकेट.

"अण्णा त्या दिशी काय बोलले व्हते का? कुनाशी भांडन?"

"भांडण नाही. आदल्या दिवशी गाडीत सांगितलं त्यांनी. कवठे महांकाळची बाग, बेदाण्याच्या शेडसकट, मुनिनिवासाला दान करणार. घरी गेलं की सही. दादाला विचारलंच नाही, नुसतं सांगितलं. दादा अठरा वर्षं राबलाय तिथं, मावशी. मी म्हटलंही, अण्णा, दादाचा तरी विचार करा. अण्णा म्हणाले, मोह वाईट."

"आणि जिनेश?"

"काही बोलला नाही. सगळ्यांना केळी सोलून दिली." आर्जव आठवत आठवत म्हणाला, "दुसऱ्या दिवशी त्या दरीत मी गाडी नदीपलीकडं, मोकळ्या कुरणात लावली होती. दादा खाली उतरला, डोंगराकडं बघत हात लांब केला आणि म्हणाला, इथं नको, त्या कड्याखाली घे, वारा लागणार नाही."

५

शनिवारी लीलाबाई कवठे महांकाळला गेल्या. जिनेशचं शेड माळावर, पश्चिमेला बुटकी टेकडी. हंगाम सरत आलेला, शेवटच्या मालाच्या जाळ्या एकावर एक भरलेल्या; हिरव्या मण्यांचा गोडसर वास दाटला होता. जिनेशनं हसून स्वागत केलं, खुर्ची पुसून दिली आणि हातावर मूठभर बेदाणे ठेवले.

"खावा, मावशी. ह्या रंगाचा माल जिल्ह्यात दुसऱ्याकडं मिळायचा न्हाई."

"रंग कशानं येतो रं?"

"सावलीनं." तो एकदम मोकळा झाला. आपल्या कामाबद्दल बोलताना माणूस खरा असतो, हेही लीलाबाईंना ठाऊक होतं. "ह्याला वारा पायजे, पर ऊन न्हाई चालत. संध्याकाळी ऊन तिरपं होऊन आत शिरतंय. तेवढं लागलं तरी मणी काळा पडतोय. म्हणून चार वाजता ही पश्चिमेची सावलीची जाळी पडद्यागत खाली सोडायची. आणि सूर्य टेकडीआड गेला की त्याच मिनिटाला वर घ्यायची, न्हाईतर वारा अडतोय."

"मग घड्याळ बगत बसायचं म्हन की."

"घड्याळ कशाला?" जिनेशनं उजवा हात सरळ लांब केला, पंजा आडवा धरला, एक डोळा मिटला. सूर्य आणि टेकडी यांच्यामध्ये त्याची बोटं बसली. "तीन बोटं. एका बोटाला पाव तास. पाऊण तासानं जाळी वर." त्यानं गड्याला हाक मारली. "विश्वजित, पाऊण तास हाय रं!"

लीलाबाईंनी मनगटावर बघितलं. पाच वाजून पन्नास. मग त्यांनी निवांत गप्पा मारल्या. पाऊसपाण्याच्या, लग्नांच्या, उंब्रजच्या बाजाराच्या. अल्बानियाचं नावही काढलं नाही. जिनेश त्यामुळं जरा बिचकला आणि शेवटी त्यानंच विषय काढला.

"चंदनाचं काय ठरलं, मावशी? मुद्दाम केलं नसंल तिनं. पर चूक झाली तिच्याकडनं."

"तुजी बायको हाय. तुला काय वाटतं?"

"आई म्हणंल तसं." त्यानं एक बेदाणा तोंडात टाकला. "मी आईच्या शब्दाभाईर न्हाई."

टेकडीची सावली माळावरून सरकत आली. शेडच्या पहिल्या खांबाला टेकली. विश्वजितनं दोर ओढला आणि जाळी वर गेली. लीलाबाईंनी पुन्हा मनगटावर बघितलं. सहा वाजून चौतीस.

मिनिटभराची चूक.

त्यांच्या हातातले बेदाणे तसेच होते. परत निघताना त्यांनी ते फाटकाजवळच्या पाखरांना टाकले.

६

रविवारी संध्याकाळी साडेपाचला सोप्यात सगळे जमले. त्रिशलाबाई पाटावर. जिनेश खांबाला टेकून, एक पाय हलवत. आर्जव जिन्याच्या पायरीवर. चंदना उंबऱ्याशी उभी, शेजारी कपड्यांची एक पिशवी. ब्राह्मीला शेजारी पाठवलं होतं. जाताना ती आईला म्हणाली होती, "लवकर ये," आणि चंदनानं मान हलवली होती.

"सांग, लीला," त्रिशलाबाई म्हणाल्या. "चंदनानं मारलं का न्हाई?"

"इंजेक्शन तिनं दिलं," लीलाबाई म्हणाल्या. "चार अडतीसला. ते यंत्रात हाय. पर ते देण्याआदी तिनं जिनेशला इचारलं, सूर्य किती हाय? जिनेशनं हात धरला आणि सांगितलं, चार बोटं, येक तास. खरं का न्हाई रं, जिनेश?"

"व्हय. चुकला माझा अंदाज. परका मुलूख."

"आर्जवच्या फोटूत चार चोपन्नला सूर्य गेलेला हाय. म्हंजे तू हात धरलास तवा डोंगरावर येकच बोट उरलं व्हतं. येक आणि चार. काल शेडवर तू तीन बोटं सांगितलीस, मी घड्याळ लावून बसले. पाऊन तासात तुजी येका मिनिटाची चूक झाली. मुलूख परका आसंल, सूर्य त्योच हाय आणि बोटंबी तीच."

जिनेशचा पाय हलायचा थांबला.

"गाडी मोकळ्या कुरनात व्हती. तू हात धरून मापलंस आणि ती कड्याखाली घ्यायला लावलीस. मग किल्ली. सूर्य गेला तरी गाडी घाटावर नेली की अण्णांना पुना सूर्य दिसला आस्ता, पाचव्या दिशी दिसला व्हता तसा. म्हणून नुसता डबा अडवून भागत नव्हतं, गाडीबी अडवायला पायजे व्हती. दोनी कामं येका किल्लीत. जॅकेट दाराला आडकवलेलं. तू किल्ली काढलीस, आणि आर्जवला नदीवर हुडकायला म्हणून गेलास. खडकावर लाल जॅकेट घालून बसलेला मानूस दोनशे पावलांवरनं तुला दिसला न्हाई. पाऊन तासात जाळी वर घेणारा डोळा तुजा!"

आर्जव जिन्यावरून उठला होता. "दादा... किल्ली तू ठेवलीस माझ्या बुटात? मी इतके दिवस..."

"सगळ्या हवेतल्या गोष्टी हायत," जिनेश म्हणाला. आवाज अजून शांत होता. "मी मारायचं ठरवलं आसतं तर पुरावा ठेवला आसता का? डबा मी नदीत रिकामा केला आसता. जेवले म्हणून सांगायचं आणि भरलेला डबा घरी आणायचा, इतका येडा हाय का मी?"

"त्योच तर," लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या बोलण्यातला सगळा तिखटपणा गेला. "रात्रभर मीबी हाच इचार केला. चंदना सून, ती डब्याला घाबरली म्हणावं. पर तुला काय अडचन व्हती? मग ध्यानात आलं. लहानपनापासनं तुला शिकवलंय, अण्णांच्या व्रताच्या डब्याला हात लावायचा न्हाई. बापाला उपाशी मारलंस, त्येच्या हिरडीवरची साखर पुसलीस. पर त्येचा डबा तुला शिववला न्हाई. आई सोडंल गाठ, म्हणून तसाच ठेवलास. सगळ्यात तेवढंच येक पाप तुला मोठं वाटलं."

जिनेश आईकडं बघत होता. आईच्या तोंडावर काहीच नव्हतं.

"अठरा वर्षं," तो अचानक ओरडला. "अठरा वर्षं मी ती बाग जगवली. टँकरनं पानी घालून! मला एका शब्दानं इचारलं न्हाई. नुसतं सांगितलं, दिली म्हणून. मोह वाईट म्हणं. सगळ्यांना सोडायला सांगायचं, आपण डबा घट्ट धरायचा! मी हात लावला न्हाई त्यांना. कुणीच न्हाई लावला. साखर समोर व्हती. एक चिमूट खाल्ली आसती तर जगले आसते. त्यांनीच न्हाई खाल्ली!"

"बरळत व्हते ते," चंदना म्हणाली. "खायचं का न्हाई हे कळायची शुद्धच नव्हती. पाणी मागत होते. तुमचं नाव घेऊन मागत होते."

७

"हे कोर्टात टिकायचं न्हाई, त्रिशले," लीलाबाई म्हणाल्या. "देह जळाला. जागा परदेशातली. मी जबाब लिवून देते, तू सही कर, फुडं काय व्हतंय बगू. पर खोटी आशा दावत न्हाई."

त्रिशलाबाई उठल्या. त्यांनी आधी शेजारच्या घरी हाक मारून ब्राह्मीला बोलावलं आणि तिचा हात चंदनाच्या हातात दिला.

"जा माहेरी. पोरीला घेऊन जा."

"आई, मी..."

"माफी मागायला सांगू नकोस मला. तू दोनशे पावलं चालली न्हाईस. मी तुझी मान कापायला निघाले होते. फिटलं." आर्जवकडं त्यांनी बघितलंही नाही. "तू त्यांना सोडून ये. आणि तसाच जर्मनीला जा."

चंदनानं पिशवी उचलली. लीलाबाईंना वाटलं, ही पाया पडेल, पण ती पडली नाही. ब्राह्मी सारखी मागं वळून बघत गेली.

मग त्रिशलाबाई जिनेशसमोर उभ्या राहिल्या. उंचीनं त्या त्याच्या खांद्याला लागत होत्या.

"बाग पायजे होती ना? घे. सही देते. दान-बिन काही करत न्हाई."

जिनेशला कळेना. लीलाबाईंनाही कळेना.

"पर आजपासनं तुझ्या बापाचा नियम मी घेतला. सूर्य दिसतोय तोवरच अन्न. आता मला डोळ्यांनी नीट दिसत न्हाई, तेव्हा सूर्य किती उरलाय हे मला तू सांगायचं. रोज. हितं अंगणात उभं राहून, हात लांब करून. तू सांगितलंस तरच मी ताटाला हात लावणार."

"आई, शेडवर संध्याकाळीच माणूस लागतो. जाळी..."

"काळा पडू दे माल." त्यांचा आवाज चढला नाही. "ज्या दिवशी येणार न्हाईस, त्या दिवसापासनं मी पाणीबी सोडीन. आणि का सोडलं, ते लीला गावाला सांगंल. मी मरेपर्यंत रोज यायचं. माझी आई नव्वद वर्षं जगली, ध्यानात ठेव."

लीलाबाईंनी आयुष्यात पुष्कळ शिक्षा ऐकल्या होत्या. अशी ऐकली नव्हती. त्यांना आपल्या शाळेतल्या मैत्रिणीची भीती वाटली, आणि वाटली याची लाजही वाटली नाही.

त्रिशलाबाईंनी ताट वाढून घेतलं आणि त्या अंगणात पाटावर जाऊन बसल्या. पश्चिमेला उसाचं रान, त्याच्या तुऱ्यांवर सूर्य टेकायला आला होता. जिनेश पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी आला.

"किती उरलाय?"

त्यानं हात वर केला. कोपरातून सरळ केला, पंजा आडवा धरला. बोटं मिटत होती, उघडत होती, सूर्य त्यांच्या मागं दिसायचा आणि लपायचा.

"किती, जिनेश?"

तो तसाच उभा राहिला. अंगणातलं ऊन ताटावरून सरकलं, पाटावरून सरकलं, तुळशीकट्ट्यावर चढलं आणि विझलं. सूर्य उसाआड गेला तेव्हाही त्याचा हात वरच होता.

त्रिशलाबाईंनी ताटावर झाकण ठेवलं.

"आज उपास घडवलास," त्या म्हणाल्या. "उद्या वेळेवर सांग."